सावधान म्हटल्यावर

लग्नात भटजींनी शेवटचं ‘सावधान’ म्हटलं की बँडवाला विचार करत बसत नाही. अक्षता डोक्यावर पडायच्या आत ढोल वाजला पाहिजे, नाहीतर मुलीच्या बापाचं तोंड वाकडं होतं. नांदेडजवळच्या लोह्याला माझ्या काकांचा बँड होता, आणि या एका बाबतीत त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. काका ट्रम्पेट वाजवायचे, मी क्लॅरिनेट. उन्हानं डोळे मिटत असले, पोटात काही नसलं, तरी ते ‘सावधान’ आमच्याकडून कधी हुकलं नाही.

पुढे डीजे आला आणि वराती त्याच्यामागे गेल्या. आमच्याकडे उरलं लग्न लागतानाचं वाजवणं, आणि एखादं म्हातारं माणूस गेलं तर त्याच्यापुढची भजनं. ढोलवाला नांदेडला ऑटो चालवू लागला, मी मोबाइलच्या दुकानात बसू लागलो. काकांना दुसरं काही येत नव्हतं आणि या वयात शिकायचंही नव्हतं. अशात लातूरच्या एका मनोरंजन स्पर्धेची बातमी कानावर आली. पहिल्या येणाऱ्या पथकाला आयोजक वर्षभर आपल्या कार्यक्रमांत वाजवायला बोलावणार होते. काकांनी सगळ्यांना गोळा केलं.

"हे जमलं तर बँड राहील," ते म्हणाले. "न्हाई जमलं तर ज्यानं त्यानं आपलं बघावं."

त्यांनी स्वतः बांधलेली एक संथ धून निवडली. वरातीत ती कधी वाजवता आली नव्हती, कारण तिच्यावर कुणाला नाचता आलं नसतं. तिच्या मधल्या जागेवर ट्रम्पेट एकटं राहायचं आणि काकांचा श्वास तिथं पणाला लागायचा. आम्ही रोज संध्याकाळी ती घोटली. चिंच लावून पितळ घासलं, उसवलेले लाल कोट शिवून घेतले. मला स्पर्धाबिर्धा पटत नव्हती, पण ती धून ऐकून मीही आशेला लागलो. तीच माझी चूक झाली.

लातूरच्या सभागृहात सगळ्यांत आधी वाजवायची पाळी आमची आली. पडदा उघडला तेव्हा आम्ही वाद्यं तोंडाशी धरून तयार होतो. तेवढ्यात निवेदक माइकवर आला. एरवी तो शाळेत कवायतीचा मास्तर होता. आयोजकांपैकी एक वडीलधारे आदल्याच आठवड्यात वारले होते. त्यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी सगळ्यांनी जागेवर उभं राहावं, दोन मिनिटं शांतता पाळावी, असं तो म्हणाला. लोक उभे राहिले, सभागृह गप्प झालं. आणि मास्तरनं मैदानावरच्या सवयीनं खणखणीत आवाजात हुकूम सोडला, "सावधान!"

ढोलावर थाप पडली. आधी कुणी सुरुवात केली हे विचारण्यात अर्थ नाही, आम्ही सगळ्यांनी एकदमच केली. लग्न लागल्यावरची ती दणदणीत घाई, झांजा, ट्रम्पेट, सगळं. सगळ्यांत आधी काकांच्या लक्षात आलं, त्यांनी ट्रम्पेट खाली घेतलं, पण ढोलवाला त्यांच्या मागे होता. तो आणखी थोडा वेळ मन लावून बडवत राहिला. वारलेल्या माणसाचा मुलगा पहिल्या रांगेत मान खाली घालून उभा होता. त्यानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं. मागच्या रांगांत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळं सभागृह हसलं.

शांतता पुन्हा पाळली गेली. आम्ही माना खाली घालून उभे होतो. मग आम्हाला वाजवायला सांगितलं. धून सुरू झाली, आणि काकांच्या एकट्या जागेवर अंधारातून कुणीतरी ओरडलं, "सावधान!" परत हशा उठला. काकांचा श्वास तुटला. तो सूर त्यांनी पुन्हा धरला नाही, आम्ही कसंबसं शेवटाला पोचलो. नंबर येण्याचा प्रश्नच नव्हता.

पण लोकांनी ते मोबाइलवर घेतलं होतं. तो व्हिडिओ गावोगाव फिरला. काही दिवसांनी नांदेडहून कुणाचा तरी फोन आला. त्यांच्या स्नेहसंमेलनात आमचा बँड हवा होता.

"ते सावधानवालं करायचं," तो म्हणाला. "दुसरं काही नको."

फोन मीच घेतला होता. काकांना सांगितलं आणि वर म्हणालो, "नाही म्हणून सांगतो. लोक आपल्यावर हसून राहिले, काका."

"हाव म्हण."

"कामून?"

"बँड राहायला पायजे म्हणलो होतो ना म्या? राहिला की."

मला त्यांचा संताप आला. त्याहून जास्त कीव आली, आणि ती कीव सोसवेना. त्या दिवशी वाटलं, बँड सरळ मेला असता तर बरं झालं असतं. मान ताठ ठेवून तरी घरी बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात तालीम लागली. आम्ही माना खाली घालून रांगेत उभे राहिलो. काका समोर उभे राहून स्वतःच "सावधान" म्हणाले, आम्ही वाजवलं. त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवलं. धून बसवताना व्हायचा तसाच त्यांचा चेहरा गंभीर होता.

"लई लवकर वाजवलं," ते म्हणाले. "लोकं आधी पुरी गप्प होऊ द्या. मंग हसतेत."