धुक्यातला फ्लेमिंगो

भांडुपची कल्पिता पाटकर रविवारी पहाटे खाडीवर जाऊन धुक्याचे फोटो काढायची. त्या पांढऱ्या शांततेत आपण तरंगतोय असं तिला वाटायचं. मुलुंडच्या हौशी छायाचित्र स्पर्धेत मात्र प्रेक्षकच मतं देत, आणि तिच्या फोटोला ती कधी पडत नसत.

"अगं, लोकांना काहीतरी दिसायला नको का?" मैत्रीण श्वेता म्हणाली.

ते पटलं, पण कल्पिताला धुकं सोडवेना. यंदा ती धुक्यातच वाट बघत थांबली. हळूच एक फ्लेमिंगो पुढे आला, पुसट गुलाबी, स्वप्नातल्यासारखा. तिने फोटो काढला.

प्रदर्शनात लोक त्या फोटोपाशी रेंगाळले. "हा येतोय की चाललाय?" एक आजोबा विचारत होते.

दुसरं बक्षीस मिळालं.

"पुढच्या वर्षी चार-पाच फ्लेमिंगो घे," श्वेता म्हणाली.

"नको गं," कल्पिता हसली, "धुक्याला जागा राहू दे."