गोंडा कोणत्या वयासाठी?

जुन्नरच्या बाजारपेठेत आमचं बैलांच्या साजाचं दुकान होतं. कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा, गोंडे. पणजोबा मारवाडातून आलेले, पण घरात आम्ही मराठीच बोलायचो. दुकान काका चालवायचे. मी बी.कॉम. झालो आणि नोकरी मिळेपर्यंत म्हणून गल्ल्यावर बसलो, तो बसलोच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका दुपारी लेण्याद्रीहून परतणारी एक जर्मन बाई दुकानासमोर थांबली. छताला टांगलेले सुती गोंडे तिला फार आवडले. लाल, पिवळे, हिरवे, आणि सगळ्यांत उठून दिसणारे राणी रंगाचे. प्रत्येकाच्या टोकाला पितळी घुंगरू. तिचं तिकडे हस्तकलेच्या वस्तूंचं दुकान होतं. लोक हे दाराला, खिडकीला टांगतील, असं ती म्हणाली आणि नमुन्याला पिशवीभर घेऊन गेली.

काही आठवड्यांनी नाक्यावरच्या एसटीडी बूथवाल्याने निरोप पाठवला की तुमचा फॅक्स आलाय. बाईला खूप माल हवा होता. पण त्याआधी तिचे काही प्रश्न होते आणि पहिलाच होता, ही वस्तू कोणत्या वयाच्या माणसासाठी आहे?

मी वाचून दाखवलं. काकांनी कागद माझ्या हातातून घेतला.

"बैलाचं वय विचारतीय का?"

"नाही काका, माणसाचं."

"माणूस कशाला बांधील गोंडा?"

मी तसंच कळवलं, की ही वस्तू बैलासाठी आहे. तिचं उत्तर आलं की तिकडे बैल बांधणार नाही. तिच्या दुकानात आलेल्या एका लहान मुलाने घुंगरू तोंडात घातलं होतं. मुलांना खेळावंसं वाटेल अशी वस्तू कायद्याने खेळणं ठरू शकते. खेळणं असेल तर घुंगरू ओढून निघता कामा नये, दोरी लांब नको, आणि रंग तपासलेला हवा. खेळणं नसेल तर तसं लिहा, पण मग ती खेळण्यासारखी दिसायलाही नको.

"दिसायला नको म्हणजे कशी दिसायला हवी?" काकांनी विचारलं.

शेवटी गोंडे घेऊन मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या साहेबांनी अर्ज पुढे ओढला.

"वापरणारा कोण?"

"इथे बैल. तिकडे दाराला टांगणार."

"मग सजावट लिहितो."

"पण पोरं ओढतील म्हणतात."

"मग खेळणं."

"खेळणं नाही हो ते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही ठरवा. वस्तू तुमची आहे."

मी सजावट म्हणालो. मग भीती वाटून खेळण्याचीही तपासणी करा म्हणालो.

रिपोर्ट घ्यायला पुन्हा गेलो. घुंगरू यंत्राने ओढल्यावर निघालं होतं, त्याचं मला नवल वाटलं नाही. पण राणी रंगही नापास होता. त्यातून सुटणारं काहीतरी तिकडे कापडात चालत नाही, असं साहेब म्हणाले.

"अंगाला लागलं तर काय होतं?"

"लगेच काही नाही. वर्षानुवर्षं संबंध आला तर धोका, असं म्हणतात."

"आणि जी बाई रंगवते तिला?"

"ते यात येत नाही. आम्ही वस्तू तपासतो."

आमचे गोंडे एक मावशी करायच्या. जुन्नरजवळच्याच खेड्यातल्या. बाजारातून रंगाची पुडी न्यायच्या, पातेल्यात पाणी उकळून सूत बुडवायच्या आणि हातानेच पिळायच्या. त्यांचे हात मनगटापर्यंत कायम गुलाबी असायचे. पुढच्या बाजाराला त्या माल घेऊन आल्या तेव्हा मी सांगितलं, की हा रंग परदेशात चालत नाही, लहान मुलांना वाईट असतो.

त्यांनी हातातला गोंडा काउंटरवर ठेवला. "आन माज्या हाताला?"

"ते त्यांनी सांगितलं नाही, मावशी."

"तुमी इचारलं न्हाई व्हय?"

"विचारलं. म्हणाले, आम्ही वस्तू तपासतो."

मीच काहीतरी लपवतोय असं मावशींना वाटलं असावं. काका मधे पडले. "इतकी वर्षं विकतोय, एक बैल आजारी पडला नाय." पण बोलून झाल्यावर तेही त्यांच्या हातांकडे बघायला लागले.

मला राहवेना. मी मावशींना घेऊन जवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिले.

"काय त्रास होतो?"

"काय न्हाई."

"खाज? आग?"

"न्हाई."

"मग आलात कशाला?"

मी रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला. "हे कापडाबद्दल आहे," असं म्हणून परत दिला, आणि हातमोजे घालून काम करा म्हणाले. बाहेर आल्यावर मावशींनी विचारलं, "म्हंजी चांगलं हाय का वाईट?" मी हातमोजे कुठे मिळतील ते बघायला लागलो.

परदेशच्या मालासाठी मग आम्ही पुण्याहून तपासलेलं रंगीत सूत आणलं. घुंगरू काढून टाकलं, दोरी आखूड केली. प्रत्येक गोंड्याला बाईने फॅक्सवर पाठवलेलं जर्मन वाक्य छापून चिठ्ठी लावली. हे खेळणं नाही, असा त्याचा अर्थ. माल सुखरूप पोहोचला. वर्षभराने बाईने एका गिऱ्हाइकाच्या घरचा फोटो कौतुकाने पाठवला. त्यात आमचा गोंडा तान्ह्या बाळाच्या पाळण्यावर टांगलेला होता आणि बाळाचा हात त्याच्याकडे गेलेला होता. हे चालतं का, हे तिला विचारावं की नाही यावर काकांचा आणि माझा दोन दिवस खल झाला. विचारलं नाही.

इकडच्या बैलांसाठीही तेच सूत वापरू म्हटलं, तर ऊसतोडीच्या हंगामात गाडीवान दुकानात येऊन नाक मुरडायचे. "ह्यो राणी फिका हाय, राव," म्हणून पुढच्या दुकानात जायचे. मग मावशींनीच एक दिवस बाजारातून पुन्हा जुन्या रंगाची पुडी नेली. मी हातमोजे आणून दिले होते, पण ते घालून गोंड्याची गाठ नीट बसत नाही म्हणून त्यांनी ते सुनेला भांडी घासायला दिले.

जर्मन बाईने चार-पाच वर्षांनी दुकान बंद केलं. त्याच सुमारास लुधियानाचे तयार गोंडे पेठेत आले, स्वस्त आणि झगझगीत. पहिलं पाकीट मी उलटसुलट करून पाहिलं. रंगाबद्दल त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मावशींचं काम आपोआप थांबलं. त्यांच्या हातांचा रंग जायला एक पावसाळा लागला, असं त्यांची सून सांगत होती. त्यानंतर मावशी भेटल्या की मी आधी तब्येत विचारायचो, आणि त्या म्हणायच्या, "बरी हाय की. का, हाताचं काय आलं का तिकडून?"