लच्छूच्या झाडाची मोहफुलं

धानोऱ्याकडच्या त्या गावात कोणत्या मोहाच्या झाडाखाली कुणी फुलं वेचायची, हे आज्या-पणज्यांपासून ठरलेलं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल उचलायला चोरसुद्धा धजत नाही. सोमारीच्या वाट्याला एकच झाड होतं. एकटी विधवा बाई, जीभ तिखट. दर रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला जायची, पण पाळकांना दोन शब्द सुनावल्याशिवाय परतायची नाही.

यंदा शेजारच्या लच्छूनं फुलं वेचायला जागा साफ व्हावी म्हणून आपल्या मोहाखालचा पाला पेटवला. सगळेच पेटवतात. पण वारं सुटलं आणि आग सोमारीच्या झाडाला भिडली. लच्छूनं ती झोडपून विझवली, त्यात त्याचे दोन्ही तळहात भाजले. तरी कळ्या करपल्याच. गावाची बैठक बसली. या हंगामात लच्छूचं झाड सोमारीनं वेचावं, असं ठरलं.

"बरोबर हाय," सोमारी म्हणाली. आणि बरोबरच होतं.

तिनं फुलं वेचली, विकायला म्हणून अंगणात वाळत घातली. पलीकडे लच्छूचे हात फडक्यात बांधलेले, त्याची आई बुधरी डोळ्यांनी अधू. त्यांची चूल एक दिवस पेटायची, एक दिवस नाही. सोमारीला कुंपणावरून सगळं दिसायचं, म्हणून ती तिकडे पाठ करून बसायची.

गुड फ्रायडेला पाळक म्हणाले, सगळं असून ख्रिस्त आपल्यासाठी गरीब झाला.

"त्याच्यापाशी होतं, त देलं," बाहेर येऊन सोमारी फणकारली. "माह्यापाशी काय हाय?"

घरी आली तर अंगणभर मोह पसरलेला. तिला स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी तिनं टोपल्या भरभरून सगळा मोह लच्छूच्या ओसरीवर ओतला. लच्छू गडबडला.

"बाई, बैठकीनं तुले देलं हाय ना!"

"मले देलं, म्हणजे माह्यं झालं. माह्यं मी कोनालेही देईन."

बुधरी चाचपडत पुढे आली. "अन् तू काय खाशीन वं?"

"तेंदूपत्ता तोडीन, मजुरी भेटन. आज तुह्या इथीच जेवतो."

होती तेवढी आंबील बुधरीनं तीन वाडग्यांत वाढली. लच्छूला हातात काही धरता येईना. सोमारीनं त्याचं वाडगं उचलून तोंडाशी नेलं, तसा तो रडायलाच लागला.

"रडू नको," सोमारी म्हणाली, "आंबील सांडन."