मीठ चढलेलं रान

आमच्या दुष्काळी माणदेशात पाणी सांडणाऱ्याला माफी नव्हती. आंघोळ दगडावर बसून करायची आणि ते पाणी खाली घमेल्यात धरायचं. त्यात धुणं भिजायचं, आणि धुण्याचं पाणी शेवग्याच्या बुडात. एकदा तांब्यातलं उरलेलं पाणी मी अंगणात फेकलं, तर आईनं पाठीत असा धपाटा घातला की म्हातारपणीही आठवतो. "मुडद्या, पाणी हाय ते!" एवढंच म्हणाली.

हीच शिकवण गाठीला बांधून आम्ही सांगलीला गेलो आणि तिथं आमचं वाटोळं झालं.

दुसरी मोठी लढाई संपली तसा थोरला भाऊ पलटणीतून घरी आला. छावणीत त्यानं एक नवल बघितलं होतं. शिपायांच्या न्हाणीचं, संडासाचं पाणी खड्ड्यात निवळू द्यायचे, वरचं पाणी भाजीपाल्याला सोडायचे आणि तळाचा गाळ वाळवून खत करायचे. "गड्या, ज्याला लोक नाक मुरडत्यात, त्यात सोनं हाय," दादा मला म्हणाला. आम्ही मेंढरं विकली आणि सांगलीच्या खालच्या अंगाला, गावाची गटारं ज्या ओढ्याला मिळतात, त्याच्या काठचं काळं रान घेतलं. आई आली नाही. म्हणाली, "आदी ऊस हुबा करा, तवर मी शेरडं बघते." दादानं तिच्या पायाला हात लावला. "दोन सालात न्हेतो तुला. परत डोक्यावर हंडा घिऊ देनार न्हाई."

दोन खड्डे काढले. एकात ओढ्याचं पाणी निवळून पाटानं रानात जायचं, तोवर दुसऱ्यातला गाळ उपसायचा. कमरेएवढ्या घाणीत आम्ही उभे असायचो, अंगाचा वास राख लावून घासला तरी जाईना. शेजारचे आमच्या हातचं पान घेईनात. घेऊ नका म्हणावं! पहिल्या साली ऊस असा माजला की आत शिरलेला माणूस दिसत नव्हता. मी मूर्खासारखा छाती फुगवून बांधावर उभा राहायचो.

गुऱ्हाळ लागलं. गुळव्या म्हातारा होता, त्याचा जन्म काळ्या रानात गूळ करण्यात गेलेला. काही केल्या ढेप बसेना, गूळ पाघळायचा. त्यानं बोट चाटलं आणि थुंकला.

"खारट हाय रं. ह्या पान्यात मीठ हाय, ते रानात चढाय लागलंय. पानी तोड. चर खन, दोन म्हयनं रान उघडं टाक."

"आवं, मानदेशच्या मानसाला पानी तोड म्हंताय?" दादा हसला. "आन वाया जाऊ देऊ?"

"काळं रान पान्यावाचून मरत न्हाई, पान्यानं मरतंय. ऐक माजं."

मीही हसलो. आज ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. गुळव्याची पाठ वळली आणि दादानं पाटाचं तोंड आणखी रुंद केलं. वर्षभर ते पाणी एक दिवसही बंद झालं नाही.

दुसऱ्या सालची लावण गुडघ्याला लागली आणि पिवळी पडली. उन्हाळ्यात सऱ्यांच्या माथ्यावर पांढरं फुटलं. तेव्हा कळलं, म्हातारा खरं बोलत होता. कळून काय उपयोग? दादा खोरं घेऊन पाटाच्या तोंडाशी जायचा, उभा राहायचा आणि परत यायचा. "उद्या बुजवू," म्हणायचा. मला त्याचा संताप यायचा. पण खोरं तर माझ्याही हाताशी होतं, मी तरी कुठं बुजवलं?

दोन सालं उलटली, आमचा सांगावा गेला नाही, म्हणून एक दिवस आईच सर्विस मोटारीनं आली. काही न विचारता रानात शिरली. सरीवरचं पांढरं चिमटीत घेऊन तिनं जिभेवर ठेवलं.

"मीठ हाय की रं."

दादा बांधावर बसला आणि पोरासारखा मोठ्यानं रडला. पलटणीतला गडी, त्याला असं रडताना मी कधी बघितलं नव्हतं.

"बुजवायचं न्हाई व्हय लेकरांनू?" म्हणत आईनं पदर खोचला. पाटाच्या तोंडाशी जाऊन बसली, मातीचं मोठं ढेकूळ उचललं. पाणी खळाखळा रानात चाललं होतं. ढेकूळ हातात धरून ती किती तरी वेळ पाण्याकडं बघत राहिली. मग हळूच ते बाजूला ठेवलं.

"माज्या हातनं न्हाई व्हायचं," ती म्हणाली. "पानी हाय ते."

दुसऱ्या दिवशी ती माणाला परत गेली. मरेपर्यंत डोक्यावरूनच पाणी आणलं तिनं.