शेंदूर लावलेली कवटी

सकल प्राण्यांची तृषा शमवणाऱ्या जलदेवतेला वंदन करून, माझे बालमित्र श्रीधरराव यांच्या प्रथम मासिक श्राद्धाच्या निमित्ताने हे चार शब्द लिहितो आहे. त्या दिवशी प्रातःसंध्येत आचमनासाठी तळहातावर पाणी घेतले होते. सूनबाई दारात येऊन उभी राहिली. "श्रीधरकाका गेले..." एवढेच म्हणाली. पाणी तळहातावर तसेच राहिले. त्या इवल्याशा पाण्यात खिडकीतले आकाश हलत होते, आणि क्षणभर मला वाटले, श्रीधर आता वाकून हे पाणी हुंगेल आणि विचारील, "शास्त्रीबुवा, कुठलं हे?" कोणाच्याही घरी पाणी पिण्यापूर्वी ते हुंगण्याची त्याची सवय होती. यजमान रागावत, तो हसे.

अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली तेव्हा आम्ही दोघे मुळाक्षरे गिरवत होतो. पुढे मी पाठशाळेत गेलो. तो रसायनशास्त्र शिकला आणि कारखान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यात अधिकारी झाला. शहराभोवतीच्या माळावर तेव्हा धुराडी उगवत होती. घरोघरचे कोणी ना कोणी कामाला लागत होते, त्यामुळे धुराचेही आम्हांला कौतुक वाटे. रसायने ज्या निळ्या पिंपांतून येत, ती रिकामी होऊन भंगारवाल्याकडे जात आणि तेथून बाजारात. नळाचा भरवसा नसलेल्या आमच्या शहरात झाकणाचे मजबूत पिंप कोणाला नको होते? धुतले की झाले, अशी सर्वांची समजूत. श्रीधरला मात्र त्यांतील एका द्रव्याची धास्ती होती. ते पिंपाच्या अंगात मुरते, कितीही धुतले तरी पाण्यात थोडे थोडे उतरत राहते, असे तो सांगे. रिकामी पिंपे भोक पाडूनच बाहेर सोडावीत, असा हुकूम मिळावा म्हणून त्याने वरिष्ठांकडे किती खेटे घातले! उत्तर ठरलेले : "या रसायनाचं नाव नियमात नाही." परदेशांत ते बंद झाले आहे म्हणावे, तर "आपल्याला त्यांच्यासारखं कसं परवडेल?" अखेर कारखान्याने एवढेच मान्य केले, की धोक्याची खूण म्हणून पिंपावर कवटीचे चित्र चिकटवू. श्रीधरला तोही विजय वाटला. पेढे घेऊन आला होता माझ्याकडे...

पुढच्या उन्हाळ्यात तो मला शहराच्या कडेला, मुकुंदवाडीच्या पलीकडे घेऊन गेला. मेंढरे राखणारी काही कुटुंबे तेथे स्थिरावली होती. ऊन असे पसरले होते की दूरची मेंढरे पाण्यावर तरंगत असल्यासारखी भासत. पारूबाई नावाच्या गृहिणीच्या दारात तेच निळे पिंप होते, काठोकाठ भरलेले. कवटीवर शेंदूर माखलेला, पुढ्यात उदबत्तीची राख. उंबऱ्यात तिची सून बसली होती, दिवस भरत आलेली. श्रीधरची नजर तिच्या हातातल्या तांब्यावर खिळली.

"बाई, हे काय केलंत?" त्याने विचारले.

"भैरोबा हाय न्हवं त्यो. उघडं मुंडकं बरं दिसंना, म्हून शेंदूर लावला."

"अहो, ती विषाची खूण आहे!"

"लाईटीच्या खांबाला बी हेच मुंडकं हाय, साहेब. म्हून काय लोकांनी दिवे लावायचे नाय व्हय? अन् इख असतं तर सरकारनं भर बाजारात इकू दिलं असतं का?"

तिच्या दारात सरकार म्हणून श्रीधरच उभा होता. मी पुढे होऊन म्हणालो, "बाई, भैरव हा क्षेत्राचा रक्षक. हे पाणी पोटात जाऊ देऊ नका, असंच तो सांगत असेल."

"गुरुजी, देव लई सांगतो. मग पाणी कशात भरू ते बी सांगल का? का साहेबाच्या टोपीत भरू?"

सून तोंडाला पदर लावून हसली. श्रीधरही हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. तो निघाला, आणि दिवस कलताना हातगाडीवर आपल्या स्वयंपाकघरातला रांजण घेऊन परतला. पारूबाईने रांजणावर बोटे वाजवून पाहिली. "आवाज बरा हाय." पिंपातले पाणी ओतून दिले, पण श्रीधरने पहार उचलताच ती आडवी आली. "देव बसलाय त्यात! गुरुजी, आदी त्याला उठवा."

मी अक्षता घेतल्या आणि देवाला स्वस्थानी परत जाण्याची यथाविधी प्रार्थना केली. तेथे तो नव्हताच, असे मी कसे म्हणू? हात जोडले गेले होते तेथे... अक्षता पडल्यावरच पहार पडली. फुटके पिंप श्रीधरने हातगाडीवर चढवले. पारूबाई रांजण भरायला वळली होती.

कितीतरी वर्षांनी त्या द्रव्याचे नाव नियमात आले. तोवर कारखाना दुसरेच काही वापरू लागला होता. त्याचे नाव नियमात नव्हते. श्रीधर पुन्हा अर्ज लिहायला बसला.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेलो. परसात, भिंतीच्या सावलीत पारूबाईच्या दारचे ते फुटके पिंप अजून उभे आहे. भंगारात द्यावे तर कोणाच्या तरी घरी जाईल, जमिनीत पुरावे तर विष विहिरीला लागेल, जाळावे तर वाऱ्यावर जाईल. म्हणून श्रीधरने ते आयुष्यभर सांभाळले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, घर आवरायला काढलंय. याचं काय करू? यांना विचारलं की म्हणायचे, अजून जागा सापडली नाही." मलाही जागा सुचली नाही.

"राहू द्या, वहिनी," मी म्हणालो.

वाचकहो, आपल्या घरचे पाणी सदैव निर्मळ राहो, आपल्या लेकीसुनांच्या ओंजळीत ते अमृत होवो, आणि आपल्या दारी उभा असलेला देव आपले रक्षण करो.