धम्मदीपची हिरवी पट्टी

धम्मदीपच्या तोंडातनं शब्द काढायचा म्हणजे विहिरीत पडलेली बादली काढायचं काम. गळ टाकून बसा तासभर, लागली तर लागली.

मी शालन. शुक्रवार पेठेत माझं बौद्ध वधू-वर सूचक केंद्र हाय. तोंडावर सगळे मावशी म्हणतात, माघारी काय म्हणतात तेबी मला म्हाईत हाय, असू दे. धम्मदीप माझ्या मैत्रिणीचा ल्योक. कॉम्प्युटरवर खिडक्या बनवतो. म्हणजे दुकानात, दवाखान्यात पडद्यावर बटणं आणि रकाने असलेला चौकोन दिसतो की न्हाय, तो. त्याच्यासाठी टीकेइंटर नावाची एक पेटी असती म्हणं, पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेसोबत फुकट मिळणारी. बटण घ्या, रकाना घ्या, पायजे तितं बसवा. "मावशी, सगळं तयार असतंय, नुस्तं मांडायचं," हे त्याचं आजवरचं सगळ्यात लांब भाषण.

वय तिशीच्या पुढं गेलं. कमाई चांगली, दारू न्हाय, तंबाखू न्हाय. पण पोरगी बघायला नेला की हा पोह्यांच्या बशीत तोंड घालून बसणार. प्रत्येक ठिकाणाहून एकच निरोप, "मुलगा चांगला हाय, पण मुका हाय का?" त्याची आई माझ्यापाशी येऊन रडली. "शालन, माझ्या मागं ह्याच्याशी कोण बोलंल गं?" मला लई राग आला, त्याच्यावर आणि त्या पोरींवर पण. म्हटलं, ह्याचं जमवल्याबिगर केंद्राची पाटी लावायची मला लाज वाटली पायजे.

त्याच सुमाराला त्यानं माझ्या केंद्राला खिडकी करून दिली. वय, शिक्षण, गाव भरा, 'शोधा' दाबा, की स्थळं हजर! पापणी लवायच्या आत. मला वाटलं लोक खूश होतील. कशाचं काय! पंढरपूरहून एक बाप आला, पोरीसाठी चपला झिजवून दमलेला. मी बटण दाबलं, स्थळं आली, तर तो उठूनच उभा राहिला. "एवढ्यात? माझ्या पोरीचा जरा तरी विचार केला का ह्यानं?" आणि गेलाच की ओ! दुसरी बाई म्हणाली, "ही उरलीसुरली दिसतात, पटकन निघाली ती."

मी धम्मदीपला बोलावून झाप झाप झापला. "तुझ्या ह्या घाईनं माझं केंद्र बुडतंय!" त्यानं गुमान पेटीतनं एक हिरवी पट्टी काढली आणि खिडकीत बसवली. आता 'शोधा' दाबलं की ती पट्टी डावीकडनं उजवीकडं हळूहळू भरत जाती.

"काय करती रं ती आत?"

"काय न्हाय."

"म्हंजे?"

"काम आधीच झालेलं असतंय. ही नुस्ती चालती."

"लबाडा!" म्हटलं. पण बगा, जादू झाली. पट्टी चालू झाली की लोक टेकून बसायचे, मी चहा टाकायची आणि गप्पा निघायच्या. "पोरगी जरा तापट हाय हो", "आमच्या पोराचं एकदा मोडलंय, लपवायचं न्हाय"... रकान्यात कुणी लिहीत न्हाय ते सगळं त्या पट्टीच्या वेळात बाहेर पडायचं. केंद्र पुन्हा भरायला लागलं.

मग अकलूजहून विशाखा आली, वडिलांसोबत. तितं शाळेत कॉम्प्युटर शिकवती. पट्टी चालू झाली, तिनं जरा बघितलं आणि गालातल्या गालात हसली. "मावशी, हे कुणी बनवलं? मला त्यांना भेटायचंय." मी कान टवकारले.

पुढच्या रविवारी दोघांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. धम्मदीपला आधीच दम दिला होता, "आज तोंड उघडलं न्हाईस तर माझा उंबरा चढू नकोस." आणि मी आत चहाच्या भांड्यापाशी, डोळे-कान दाराबाहेर.

विशाखानं 'शोधा' दाबलं. पट्टी चालली. धम्मदीप पट्टीकडं बघतोय, पट्टी आपली भरतीय. मी आतनं दात-ओठ खातीय, बोल की मुडद्या!

शेवटी तीच म्हणाली, "ही पट्टी खोटी आहे ना? आत काहीच चालू नाही."

"व्हय," धम्मदीप म्हणाला. चोरी पकडल्यागत लाल झाला.

"मग वेळ कशावरून ठरवला?"

"मावशीचा चहा उकळंपर्यंत."

ती खळखळून हसली. तेवढ्यात पट्टी भरली, स्थळं आली आणि धम्मदीप पुन्हा पडद्यात तोंड घालून बसला. ती पर्स आवरायला लागली. मी मनात म्हटलं, गेलं, हेबी गेलं.

तर धम्मदीपनं कीबोर्ड पुढं ओढला, आत कुठला तरी आकडा बदलला आणि स्वतःच 'शोधा' दाबलं. पट्टी चालू झाली, पण हलतीय का न्हाय तेच कळंना.

"आता किती वेळ?" तिनं विचारलं.

"अकलूजची शेवटची गाडी कितीला हाय तुमची?"

"आठला."

"तोपर्यंत."

विशाखानं पर्स खाली ठेवली. "मग शाळेतली एक गंमत सांगते," म्हणाली. त्यानं ऐकलं, आणि मग स्वतःची एक सांगितली. मग आणखी एक! पेटीतलं कुठलं बटण कुठं बसवताना काय घोटाळा झाला, दवाखान्याच्या खिडकीत पेशंटच्या जागी डॉक्टरचं नाव कसं आलं. बोलतोय, बोलतोय, थांबायचं नाव न्हाय.

मी गॅस बारीक केला, त्याच्या आईला फोन लावला आणि फोन दाराकडं धरला. फोनमधनं तिचा हुंदका ऐकू आला.

"गप गं," मी हळूच म्हटलं. "ऐकू दे की."