खडीखालचं शुभमंगल

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सिरसाळ्याच्या रस्त्यावर मंगल कार्यालय बांधायला काढलं. लोखंडी सांगाडा उभा राहिला आणि छपरापाशी येऊन आमच्या घरात महाभारत पेटलं. आबांना हवा साधा पत्रा. आईला हवं पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांच्या मधी फोम भरलेलं. ते लई महाग. पण आई एकदा अडून बसली की बसली.

"कावून पण?" आबा विचारायचे.

"कावून म्हंजे? आपलं लगीन इसरलात का?"

त्यांचं लग्न आईच्या माहेरी, शाळेच्या पत्र्याखाली लागलं. ऐन मंगलाष्टकात गारा आल्या. पत्रा असा काही वाजला, की आईला एक अक्षर ऐकू आलं नाही. मागून कुणीतरी ढकललं, तिनं हार घातला. तेव्हापासून नाव घ्यायची वेळ आली की हिचं आपलं एकच. "लगीन लागल्यालं म्या ऐकलंच न्हाई, मग नाव कावून घेऊ?" हळदीकुंकू असो, बारसं असो, अगदी माझ्या लग्नातसुद्धा हेच! बायका हसून लोळायच्या. आबाही हसायचे, पण मनातून खट्टू व्हायचे. त्यांना एकदा तरी तिच्या तोंडून नाव ऐकायचं होतं.

शेवटी मीच म्हणलं, भांडता कशाला, वाजवूनच बघू! दुकानदाराकडून साधा, रंगीत आणि पफ असे नमुने आणले. ट्रॅक्टरची ट्रॉली आणि गोठ्याची भिंत, त्यांच्यावर पत्रा आडवा टाकला. गारांच्या जागी खडी, तिचं घमेलं घेऊन मी ट्रॉलीत चढले. खाली आई, आबा आणि मंगलाष्टकं म्हणायला मामा. मामाचा आवाज असा खणखणीत, की त्याला गावोगावचं बोलावणं असतं.

आधी साधा पत्रा. मामानं सूर लावला, मी खडी ओतली. अगं बाई! कानठळ्या बसल्या. कोंबड्या उधळल्या. मामाचं नुसतं तोंड हलत होतं.

"येतंय की ऐकू! समदं येतंय!" आबा ओरडले.

"आँ?" आई म्हणाली.

रंगीत पत्र्यानं तेच केलं, फक्त निळ्या रंगात. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

मग पफ. उरलीसुरली सगळी खडी मी ओतली. नुसतं दबदब, दबदब. आणि खालून मामाचं "शुभमंगल सावधान!" मला वरपर्यंत स्पष्ट आलं.

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, गोठ्याकडं बघत घसा खाकरला आणि म्हणाली,

"वरून पडली खडी, खाली लागलं लगीन,
…रावांचं नाव घ्यायला आता कशाला भिईन!"

आबांचं नाव, रावांसकट! मामानं शिट्टीच मारली. मी घमेलं टाकून ट्रॉलीत फतकल मारली, हसत होते का रडत होते देव जाणे. पत्रा कोणता घ्यायचा, हे मग कुणी विचारलंच नाही.

आबांचे कान लालेलाल झाले होते. साध्या पत्र्याखाली समदं ऐकू येणारा हा माणूस, कानामागं हात धरून म्हणाला, "काय म्हणलीस? ऐकू न्हाई आलं. परत घे."